अठरा फटकाऱ्यांचा वेल

डोक्यावर गवत, डावीकडे चंद्र, उजवीकडे खाली पाणी. एवढी सामग्री एका चौकोनात कोंबली की चिनी लिपीतला वेल, म्हणजे 藤 हे अक्षर, तयार होतो. चीनमध्ये त्याला ‘थंग’ म्हणतात, कोरियात ‘दुंग’ आणि जपानमध्ये ‘तो’ किंवा ‘फुजी’. हा ‘तो’ आपल्या ‘तो’सारखाच, फक्त ओ जरा लांबवायचा.

फटकारे एकूण १८. गवताचे ३, चंद्राचे ४, उजवीकडच्या वरच्या भागाचे ६, पाण्याचे ५. यातलं अर्थाचं काम एकटं गवत करतं, आणि तेही ‘ही वनस्पती आहे’ एवढंच सांगून गप्प बसतं. खालचा सगळा डोलारा उच्चारापुरता. प्राचीन चीनमध्ये, आजच्या शानतुंग प्रांतात, थंग नावाचं एक छोटं राज्य होतं. ते नाव ज्या अक्षराने लिहीत त्याच्यावर गवत ठेवलं की झाला वेल. चंद्र आणि पाणी तिथे कसे आले, याचं काव्यमय उत्तर शोधत बसू नये.

शिकणाऱ्याचा हात अडतो तो उजव्या बाजूला. आधी दोन ठिपके, मग दोन आडव्या रेघा, खालची जास्त लांब. मग दोन पाय फाकायचे, त्यातला डावा दोन्ही रेघा कापत खाली उतरतो. एवढं होईपर्यंत पाण्याला जागाच उरत नाही आणि ते चौकोनाबाहेर सांडतं. दोष बहुधा चंद्राचा असतो. तो ऐसपैस काढला की पुढचं सगळं बिघडतं. अरुंद आणि उंच चंद्र काढावा, गवत पसरट ठेवावं, मग सगळे नीट नांदतात. भावंडांशी गल्लत होते ती वेगळीच. गवत काढून पाण्याच्या जागी घोडा आणला तर अर्थ होतो उसळी मारणं (जपानी वर्तमानपत्रांत भाव कडाडतात ते याच घोड्यावरून), वाणी आणली तर नक्कल उतरवणं, आणि बळ आणलं तर विजय.

चीनमध्ये या अक्षराला कुठलाही वेल चालतो, आणि वेतही. वेताची खुर्ची, वेताची ढाल, पोरांना धाक दाखवायची छडी, सगळीकडे हाच थंग. भोपळ्याचा वेलही तोच. तिथे म्हणतात, वेल चाचपत जा, भोपळा हाताला लागेल. म्हणजे धागा धरून चोरापर्यंत पोचा. आपला सुतावरून गाठलेला स्वर्ग हवेतच राहतो. चिनी वेलाच्या टोकाला निदान भाजीची सोय आहे. आयव्हीला ते ‘नित्य वसंताचा वेल’ म्हणतात. त्यामुळे अमेरिकेतली आयव्ही लीग विद्यापीठं झाली वेल-शाळा, आणि मुलाला तिथे घुसवायची आईबापांची धडपड म्हणजे ‘वेलावर चढणं’.

जपानमध्ये मात्र हे अक्षर दिसलं की डोळ्यांसमोर एकच वेल येतो: विस्टेरिया. वाल-पावट्याच्या कुळातला, जांभळट फुलांचे घोस मांडवाखाली लोंबकळणारा. त्याचं नाव फुजी. फुजी पर्वताशी त्याचा काही संबंध नाही, त्या नावाची अक्षरं वेगळी. वेत म्हणायचा असेल तर उच्चार ‘तो’, आणि अक्षराच्या डोक्यावर बहुधा गवताऐवजी बांबू.

या वेलाने खरा मांडव व्यापला तो आडनावांचा. ६६९ मध्ये सम्राट तेंजीने नाकातोमी नो कामातारी या आपल्या मंत्र्याला मृत्यूच्या तोंडावर ‘फुजिवारा’ हे कुलनाम दिलं. अर्थ, फुजीचं माळरान. पुढे शतकानुशतकं दरबार याच घराण्याच्या मुठीत होता. त्याच्या शाखा प्रांतोप्रांती गेल्या, आणि गावावरून पुणेकर-नागपूरकर व्हावं तसं तिथे घडलं. फक्त ‘कर’च्या जागी वेल. इसेचे ते इतो, कागाचे कातो, ओमीचे कोंदो, तोतोमीचे एंदो. (‘दो’ म्हणजे ‘तो’च, मऊ झालेला.) देशात सर्वांत जास्त आढळणारं आडनाव सातो, त्याच्याही शेपटीला हाच वेल. असं असून सरकारच्या नित्य वापराच्या अक्षरांच्या यादीत त्याला जागा मिळाली ती २०१० च्या सुधारणेत! कोट्यवधी लोक आपल्या कुणा शेजाऱ्याचं नाव यादीबाहेरच्या अक्षराने लिहीत होते आणि कुणाचं काही अडत नव्हतं. याद्या करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पत्ता लिहिताना एक सापळा असतो. इतो हे आडनाव दोन तऱ्हांनी लिहितात: एकात शेवटी वेल, दुसऱ्यात पूर्व दिशा. उच्चार अगदी एक. फोनवर म्हणून विचारून घ्यावं, ‘फुजीच्या फुलातलं अक्षर ना?’ साइतोंच्या बाबतीत वेल पक्का असतो, पण पहिल्या अक्षराची चार तरी रूपं चालतात आणि ज्याला त्याला आपलंच हवं असतं.

भांडणालाही वेलच लागतो. कुडझू (आपल्या विदारीकंदाचा सख्खा भाऊ) आणि हा फुजी, दोघांची अक्षरं शेजारी ठेवली की चिनीत ‘गथंग’, जपानीत ‘कात्तो’, कोरियनमध्ये ‘गालदुंग’. अर्थ संघर्ष, न सुटणारा गुंता. कोरियन बातम्यांत तर हा रोजचा शब्द. कारण सांगतात ते असं की दोघे उलट दिशांनी वेढे घेतात. यात तथ्य आहे: वरून पाहिलं तर जपान-कोरियातला फुजी घड्याळाच्या दिशेने फिरत चढतो आणि कुडझू उलट. एकाच खांबावर दोघे चढले की प्रत्येक वेढ्याला एकमेकांना कापणार. गंमत म्हणजे चिनी विस्टेरिया कुडझूच्याच दिशेने फिरतो. चिनी मांडवात त्यांचं कदाचित जमूनही जाईल.

आणि एके ठिकाणी हे अक्षर चक्क खोटं बोलतं. चिनी चित्रकारांचा पिवळा रंग ‘थंगह्वांग’, शब्दशः वेल-पिवळा, हा कुठल्याच वेलाचा नाही. तो कंबोडिया-थायलंडकडच्या एका झाडाचा चीक, आणि ते झाड कोकमाच्या गोतातलं, गार्सिनिया. खोडाला खाचा पाडून चीक बांबूच्या नळ्यांत धरतात आणि घट्ट झाला की कांडी काढून घेतात. तिच्यावर ओला कुंचला फिरवला की रंग सुटतो, वेगळा डिंक घालावा लागत नाही. निळीत मिसळला की गवती हिरवा होतो. उन्हात मात्र फिका पडतो. आणि जालीम रेचक आहे, म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून टोकदार करायची सवय असणाऱ्यांनी या रंगापुरती ती सोडावी.