‘लॅब टेस्टेड’ आहे, पण टेस्ट केलं काय?

गड्डा यात्रा उरकली की सोलापुरात वजन कमी करायचं वारं सुटतं आणि व्हॉट्सअॅपवर हर्बल गोळ्यांच्या डब्यांचे फोटो फिरायला लागतात. मी चिंचोळी एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला आहे, त्यामुळं नातेवाईक डबाच पुढं करतात, बघ की चांगलाय का. नुसतं बघून काय कळणार? रिपोर्ट असला तर मी एकच विचारतो, मेथड कुठली?

गार्सिनियाचंच घ्या. आपल्या कोकमाचा दक्षिणेकडचा भाऊ, त्याच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक अॅसिड म्हणजे एचसीए असतं, आणि डब्यावर ठळक ६०%. हा आकडा साध्या आम्ल-अल्कली टायट्रेशननं काढला असेल तर सोडून द्या, कारण त्यातून आम्ल किती ते कळतं, कुठलं ते नाही. स्वस्तातलं सायट्रिक अॅसिड, आपलं लिंबूसत्व, मिसळलं तरी आकडा भरतो आणि रिपोर्टवर सही करणारा खोटं पण बोललेला नसतो! एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, दोघांची आलेखातली टोकं (पीक) वेगळी येतात. शेंगाचटणीचं पाकीट वजनाला बरोबर भरलं म्हणून आत शेंगाच आहेत असं थोडीच असतं.

न्यूयॉर्कमध्ये उलटं झालं. २०१५ ला तिथल्या अॅटर्नी जनरलनं जिन्सेंग, जिन्को वगैरेच्या गोळ्यांची डीएनए तपासणी करवली, बहुतेकांत लेबलवरच्या वनस्पतीचा डीएनएच सापडेना, मोठी बोंबाबोंब. पण अर्क काढताना उष्णतेनं, सॉल्व्हंटनं डीएनए मोडतो किंवा मागंच राहतो, म्हणजे डीएनए नाही यावरून वनस्पती नव्हती असं म्हणता येत नाही.

खरी भीती वेगळीच आहे. सिब्युट्रामिन, भूक मारणारं औषध, हृदयविकार-पक्षाघाताच्या धोक्यामुळं २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं, नंतर भारतातही बंदी आली. तरी अमेरिकेच्या एफडीएला ‘नॅचरल’ गोळ्यांत ते सापडत राहिलं, जोडीला फिनॉल्फथॅलिन (हो, टायट्रेशनमधला तोच गुलाबी इंडिकेटर, पूर्वी जुलाबाला देत). नेहमीच्या रिपोर्टात ओलावा, शिसं, आर्सेनिक, जंतू सगळं पास येईल, कारण सिब्युट्रामिन कुणी शोधलेलंच नसतं, ते एलसी-एमएसवर (घटक वेगळे करून रेणूच्या वजनावरून ओळखणारं यंत्र) मुद्दाम बघावं लागतं. म्हणून जी हर्बल गोळी घेतल्याबरोबर भूकच मरते, तिच्यावर माझा जास्त संशय.

एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी नंबर म्हणजे कंपनीकडं लायसन आहे, तुमच्या हातातला बॅच तपासलाय असं नाही. आणि लठ्ठपणा बरा करणारं औषध अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्यानंच मनाई आहे, पण विचारतंय कोण.

आमच्या काकूंना बीपीची गोळी चालू आहे आणि सिब्युट्रामिननं बीपी, नाडी दोन्ही वाढू शकतात, म्हणून डबा बाजूला ठेवायला लावला आणि म्हटलं, विकणाऱ्यालाच विचारा सिब्युट्रामिनची टेस्ट केलीय का. त्यानं डब्यावरच्या हिरव्या ठिपक्याचा फोटो पाठवला.