तुम्ही विचारलंत म्हणून: शब्द मोडला की चूक झालीच का?

मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते, त्यामुळे कुठल्याही लग्नात गेलं की कुणीतरी विचारतंच, ते तुमचं जर-तर खऱ्या आयुष्यात कुठे लागतं हो, आणि लागत असेल तर सांगा, दिलेला शब्द मोडणं कायम चूकच ना? पंगतीत बसून नीट सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते.

आधी सोपं. बाबा म्हणाले, ९० टक्के पडले तर सायकल. पडले ८२. सायकल दिली नाही तर शब्द मोडला का? नाही. आणि दिली तर? तरीही नाही! जर-तरचं वाक्य खोटं पडतं ते फक्त एकाच वेळी, जर खरं झालं आणि तर झालंच नाही, म्हणजे ९० पडूनही सायकल नाही. धाकटी बहीण 'दादाला मग का दिली' म्हणून भांडते कारण तिने 'तरच' ऐकलेलं असतं. आपला १८७२ चा करार कायदा कलम ३२ मध्ये साधारण हेच सांगतो, करार एखादी गोष्ट घडण्यावर टांगलेला असेल तर ती घडल्याशिवाय वसुली नाही.

घोळ होतो तो न बोललेल्या 'जर'मुळे. 'उद्या येते' यात 'तापाने फणफणले नाही तर' हे धरलेलंच असतं, पण 'दुसरीकडून चांगलं बोलावणं आलं नाही तर' हे धरलेलं नसतं, ते आपण नंतर घुसडतो. माझी कसोटी एवढीच, शब्द देताना ही अट समोरच्याला तोंडावर सांगता आली असती का? नसती, तर मोडणं चूक.

पण पाळणंच चूक असेल तर? कर्णपर्वात कर्णाकडून मार खाऊन शिबिरात पडलेला युधिष्ठिर वैतागून अर्जुनाला म्हणतो, गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आणि अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा काय, तर असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवीन. उपसली तलवार! लॉजिक म्हणून बघा, एक पायरी चुकलेली नाही, पेपरात मी पूर्ण मार्क दिले असते, फक्त मूळ वाक्यच बोलायच्या लायकीचं नव्हतं आणि ते ऐकायला समोर कुणी नव्हतंही. कृष्णाने वाट काढली, थोरल्याला अरे-तुरे केलं की तो मेल्यासारखाच. मग थोरल्याचा अपमान केला म्हणून अर्जुन स्वतःलाच मारायला निघाला, तर त्यावर उपाय, स्वतःची स्तुती कर, आत्महत्येइतकंच ते. (हे वर्गात सांगितलं की पोरं लोळतात.)

भीष्मांचं मात्र मला कधी पटलेलं नाही. सत्यवतीच्या बापाला, दाशराजाला, शब्द दिला की गादी घेणार नाही, लग्नही करणार नाही, तो कशासाठी, तर सत्यवतीच्या मुलांच्या गादीला कुणी आडवं येऊ नये. पुढे चित्रांगद, विचित्रवीर्य दोघंही निपुत्रिक गेले, म्हणजे 'जर'च संपला, आणि खुद्द सत्यवती म्हणतेय की तू माझ्यासाठी काय बोललास ते मला माहीत आहे, पण आता आपद्धर्म, म्हणजे संकटकाळचा धर्म बघ आणि वंश चालव. तरी हे म्हणतात, सूर्य तेज सोडेल, मी सत्य सोडणार नाही. अहो, पण जिच्यासाठी शब्द दिला तीच सोडवतेय ना! करार कायद्यातही कलम ६३ आहे, ज्याला वचन दिलंय तो ते माफ करू शकतो.

यावर वर्गातल्या एका पोरीने मला अडवलं होतं, मॅडम, वचन घेतलं दाशराजाने, मग सोडायची ही कोण? प्रश्न बरोबर आहे, कलमाच्या भाषेत सत्यवती उपऱ्यासारखीच. मी तरी म्हणते तिला हक्क होता, कारण दाशराजाने मागितलं ते तिच्या पोरांसाठी, स्वतःसाठी नाही. ती पोरगी काही मानली नाही.