तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं मोठं धरण, तरी लाईट नाही?

"काका, जगातलं सगळ्यात मोठं धरण त्या झांबियावाल्यांकडं आणि घरात लाईट नाही, खोटं सांगालाय काय?" हा प्रश्न मला बेळगावच्या उद्यमबागेतली पोरं विचारतात, खानापूरचे पाहुणे विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसपण विचारतो, कारण मी काही वर्षं आफ्रिकेतल्या झांबियात किटवेला खाणीच्या पंपांच्या वर्कशॉपमध्ये होतो हे आता सगळ्यांना माहीत झालंय. दरवेळी पंगतीत अर्धवट उत्तर देतो आणि तेवढ्यात कोणतरी ताक वाढायला येतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

खोटं नाही. झांबेझी नदीवर करीबा म्हणून धरण आहे, 1960 मध्ये इंग्लंडच्या राणीच्या आईनं त्याचं उद्घाटन केलं, आणि पाणी किती मावतं या हिशोबानं माणसानं बांधलेला तो जगातला सगळ्यात मोठा जलाशय. सुमारे 180 अब्ज घनमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर सहा हजार टीएमसीच्या वर, आणि आपली कोयना 105 टीएमसी, म्हणजे साठ कोयना एका जागी. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. झांबियाची वीज जवळपास 85 टक्के पाण्यावरची, करीबाच्या उत्तर काठावर 1080 मेगावॅटचं पॉवरहाऊस, शिवाय काफुए नदीच्या घळीत दोन मोठी, 990 आणि 750 मेगावॅटची. एवढं सगळं असून 2024 च्या सप्टेंबरात तिथल्या वेळापत्रकात घरांना दिवसाला तीन तास वीज लिहिली होती. तीन तास गेली असं नव्हे, तीन तास आली!

आता हे कसं, तर पहिली गोष्ट साठ्याची. आपलं हिडकल धरण किती टक्के भरलं हे पेपरात वाचणाऱ्याला मृतसाठा म्हणजे काय ते सांगायला नको, टाकीचा नळ तळाला नसतो, जरा वर असतो, त्याच्या खालचं पाणी दिसतं खरं पण मिळत नाही. करीबात तो नळ फार वर आहे. तलाव भरला की पातळी 488.5 मीटर, आणि 475.5 मीटरच्या खाली मशीन चालवता येत नाही, म्हणजे एवढ्या अवाढव्य तलावातलं वरचं 13 मीटर पाणीच काय ते विजेचं. त्या 180 अब्जातलं 65 अब्ज घनमीटरच्या आसपास. बाकीचं तसंच पडून राहतं, त्यात मासे आणि मगरी. त्यामुळं काठावर उभं राहून बघितलं तर समुद्रासारखं पाणी आणि पॉवरहाऊसमध्ये सहापैकी एखादंच मशीन चालू, असं चित्र 2024 मध्ये होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. काफुए ही झांबेझीचीच उपनदी. म्हणजे मोठी पॉवरहाऊसं तीन खरी, पण पाऊस एकच. तिथं पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, आणि 2023-24 ला एल निनोमुळं तो फसला तेव्हा मकाही गेला, वीजही गेली, 29 फेब्रुवारी 2024 ला राष्ट्राध्यक्ष हिचिलेमांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. आपल्याकडं कसं, काळी नदीला पाणी कमी आलं तर रायचूरचा कोळसा आहे, कैगाची अणुवीज आहे, पावगडला सोलर आहे, गदगकडं पवनचक्क्या आहेत. तिथं सगळी अंडी... जाऊ दे, ती म्हण वापरून वापरून गुळगुळीत झालीय. एक नदी आटली की देश बसतो, बस.

आणि तिसरी गोष्ट, जी सीमेवरच्या माणसाला पटकन कळेल. झांबेझी ही झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यातली हद्द. धरण दोघांचं, उत्तर काठ झांबियाचा, दक्षिण काठ झिंबाब्वेचा, दरवर्षी किती पाणी कुणी वापरायचं ते दोघांचं मिळून एक प्राधिकरण ठरवतं. 2022 च्या नोव्हेंबरात झिंबाब्वेचा वाटा वर्ष संपायच्या आधीच संपला आणि प्राधिकरणानं त्यांना मशीन बंद ठेवायला सांगितलं. आपण म्हादईच्या आणि कृष्णेच्या पाण्यावरनं इतकी वर्षं लवादाच्या तारखा ऐकत आलोय, त्यामुळं मला त्याचं काही नवल वाटलं नव्हतं. जुनी गोष्ट आणखी मजेशीर आहे: धरण बांधलं तेव्हा पहिलं पॉवरहाऊस फक्त दक्षिण काठावर झालं, 1964 ला झांबिया स्वतंत्र झाला, आणि पुढच्याच वर्षी दक्षिणेकडच्या ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आताच्या झिंबाब्वेतल्या, गोऱ्या सरकारनं स्वतःच स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं. म्हणजे नव्या देशाच्या तांब्याच्या खाणींचं बटण पलीकडच्या काठावर, भांडण असलेल्या सरकारच्या हातात! मग धावपळ करून काफुएचं पॉवरहाऊस, नंतर स्वतःच्या काठावरचं. त्यांनी पाण्यावर एवढा जीव टाकला याला हे पण कारण आहे, नुसता आळस नव्हे. आणि वीज स्वस्त पडायची, तांबं त्याच्यावर चालायचं, मग दुसरं कशाला कोण शोधतंय.

मी होतो तेव्हा 2015 चा दुष्काळ पडला होता. आठ-आठ तास जायची. आमच्या खाणभागात एक विचित्र गोष्ट अशी की तांब्याच्या काही खाणी भयंकर ओल्या आहेत, कोंकोला म्हणून एक आहे ती जगातल्या सगळ्यात ओल्या खाणींत धरतात, दिवसरात्र पंप लावून पाणी उपसलं नाही तर खाण बुडते. म्हणजे तिकडं धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, आणि इकडं जमिनीखालचं पाणी बाहेर काढायला वीज पाहिजे. आमच्या वर्कशॉपला या पायी काम कधी कमी पडलं नाही. खाणींना वीज द्यावीच लागते, देशाचे डॉलर तिथनं येतात, कमी पडली की खाणवाले बाहेरच्या देशांतनं महाग वीज घेतात. मार खातात ते वेल्डिंगवाले, न्हावी, कोंबड्यांचा धंदा करणारे, मक्याच्या गिरणीवाले. आणि घरोघरी शेगडीला लाकडी कोळसा. वीज गेली की कोळशाच्या पोत्यांचा भाव चढतो, आणि तो कोळसा येतो जंगलं तोडून. पाण्यावरची वीज स्वच्छ म्हणतात, ती असते तेव्हा स्वच्छच असते.

टोंगा लोकांबद्दल कुणी विचारत नाही, मीच सांगतो. करीबासाठी दोन्ही काठांवरची सुमारे 57 हजार टोंगा माणसं उठवली. धरण बांधताना 1957 आणि 58 ला लागोपाठ महापूर आले तेव्हा ते म्हणाले आमचा नदीचा देव न्यामिन्यामी कोपला. त्यातली कितीतरी गावं पुढं अनेक दशकं विजेशिवायच राहिली, वरनं तारा गेल्या त्या खाणींकडं. कोयनेचे, हिडकलचे धरणग्रस्त ज्यांच्या पाहुण्यांत आहेत त्यांना यात आणखी काही सांगायची गरज नाही.

मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग नॉर्वे कसं चालतंय की?" चालतंय, दहातली नऊ भाग वीज पाण्याची आहे त्यांची. पण त्यांच्याकडं हजाराच्या वर जलाशय, त्यात बर्फ वितळून पाणी येतं, आणि शेजारच्या देशांशी जाड जाड तारा जोडलेल्या, कमी पडलं की घेतात, जास्त झालं की विकतात. भूतान पण पाण्यावरच, पण हिवाळ्यात नद्या बारीक झाल्या की तो भारताकडनं वीज घेतो, हे कुणी सांगत नाही.

आणि हसणाऱ्यांना मी एक आठवण करून देतो, आपलं कर्नाटक एकेकाळी असंच होतं. जोगचं पॉवरहाऊस 1948 चं, लिंगनमक्की धरण 1964 चं, मग शरावती, काळी, आणि 1985 ला रायचूरचं कोळशाचं पहिलं युनिट सुरू होईपर्यंत राज्यात तयार होणारी वीज जवळजवळ सगळी पाण्याचीच. पाऊस दगा देईल त्या वर्षी पॉवर कट, ते म्हाताऱ्यांना विचारा. आता देशात पाण्याच्या विजेचा वाटा दहावा हिस्सा सुद्धा जेमतेम, म्हणून 2023 च्या दुष्काळात आपल्याकडं शेतातलं थ्री फेज कमी झालं तरी गावं अंधारात गेली नाहीत. वैताग होता, आपत्ती नव्हती.

हिडकलचं विचारणारे पण असतात, "धरण भरलंय, मग लाईट का जाते?" हिडकलचं पॉवरहाऊस 32 मेगावॅटचं, आणि ते धरण मुळात उसाचं आणि पिण्याच्या पाण्याचं. वीज ही तिथं आलंच पाणी सोडायला तर फिरवलं चाक अशातली. तुमची लाईट जाते ती बहुतेक वळवाच्या पावसात फांदी पडून, त्याचा धरणाशी काही संबंध नाही.

परवा एकानं विचारलं, सौंदत्तीकडं ते पंप्ड स्टोरेज होणार आहे म्हणतात, मग आपलं भागेल काय? त्याचं ऐका. ते वीज तयार करत नाही. दुपारी सोलरची वीज जास्त झाली की पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून मशीन फिरवायचं, आणि या येण्याजाण्यात चढवायला घातलेल्या विजेतली पाचवा हिस्साभर वीज हरवते. पण तेच तेच पाणी फिरत राहतं, दरवर्षीच्या पावसाकडं तोंड लावून बसावं लागत नाही, भर घालावी लागते ती वाफ होऊन उडालेल्या पाण्याची तेवढी. झांबियात माझ्याबरोबर काम केलेला एकजण गेल्या वर्षी फोनवर म्हणत होता की घरावर दोन चिनी पॅनेल आणि एक बॅटरी टाकलीय, टीव्ही आणि फ्रीज चालतो, शेगडी अजून कोळशाचीच आहे.