फिनिशचे सहा स्थळप्रत्यय आणि आपला ‘त’: माझा अनुभव

फिनिशमध्ये १५ विभक्त्या आहेत हे ऐकून माणसं बिचकतात. त्यातल्या स्थळाच्या सहाच, आणि त्यांचा तक्ता एका संध्याकाळी पाठ होतो. आतल्या तीन: -स्सा म्हणजे आत, -स्ता म्हणजे आतून, आणि आत जायचं असेल तर शेवटचा स्वर लांबवून पुढे न. बाहेरच्या तीन: -ल्ला म्हणजे वर किंवा कडे, -ल्ता म्हणजे वरून किंवा कडून, -ल्ले म्हणजे वर किंवा कडे जाताना. मी अडकले ती यानंतर. जिथे अडकले त्या गोष्टीवर माझ्या पाठ्यपुस्तकात धड एक पानही नव्हतं, क्रियापदांची एक बारीक टाइपातली यादी तेवढी शेवटी परिशिष्टात होती. तो राग अजून गेलेला नाही.

(लांब-आखूड स्वराने फिनिशमध्ये अर्थ बदलतो, म्हणून लांब स्वर इथे दोनदा लिहिला आहे. ॲ हा ‘ॲप’मधला.)

मराठी माणसाची अडचण नेमकी कुठे आहे ते आधी पाहू. ‘डबा पिशवीत आहे’ आणि ‘डबा पिशवीत ठेव’, दोन्हीकडे आपला एकच त. ‘टेबलावर आहे’, ‘टेबलावर ठेव’, इथेही तेच. असणं आणि जाणं आपण क्रियापदावर सोपवतो, प्रत्ययावर नाही. फिनिशला मात्र पिशवीत असताना लाउकुस्सा आणि पिशवीत टाकताना लाउक्कुउन असं वेगळं लागतं. ‘पिशवीतून’ला आपल्याकडे वेगळा ऊन असल्यामुळे लाउकुस्ता लगेच जमतं.

वस्तू डोळ्यांदेखत हलत असेल तोवर सगळं ठीक चालतं. घोळ होतो तो काहीच हलत नाही तिथे. ‘छत्री बसमध्ये विसरले.’ आपल्या डोक्यात छत्री बसमध्येच पडून आहे, म्हणून आपण बुस्सिस्सा म्हणतो. चूक. बरोबर रूप बुस्सिइन, म्हणजे शब्दशः ‘बसच्या आत’ जातानाचं. बुस्सिस्सा म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटतं की विसरण्याची क्रिया बसमध्ये बसल्या-बसल्या घडली. तसंच ‘किल्ली खिशात राहिली’, इथेही तास्कुउन हवं, तास्कुस्सा नाही. घरी थांबले: कोतिइन. एस्पोओ शहरात घर बांधलं: एस्पोओसेएन. विसरणं, ठेवून जाणं, मागे राहणं, बांधणं या सगळ्यांत फिनिश भाषा शेवटची स्थिती बघते: क्रिया संपल्यावर वस्तू कुठे जाऊन बसली?

उलट्या बाजूला शोधणं, सापडणं, वाचणं, विकत घेणं. ‘किल्ली खणात सापडली’ हे आपलं वाक्य, फिनिशमध्ये खणातून सापडते: लाआतिकोस्ता. ‘पेपरात वाचलं’ हे पेपरातून: लेहदेस्तॅ. पिशवीत शोधते आहे, तर लाउकुस्ता. इथे प्रश्न वेगळा: वस्तू किंवा बातमी कुठून निघून माझ्यापर्यंत आली? दुकानातून दूध आणलं, काउपास्ता, हे मात्र आपल्यासारखंच.

हे दोन प्रश्न सगळीकडे लावत सुटलं की पुन्हा पाय घसरतो. बागेत कुत्रा दिसला, तर पुइस्तोस्सा, साधं -स्सा. हॉटेलात जेवणं, शहरात राहणं, कुणाला भेटणं, सगळं साधं -स्सा. म्हणून माझा आग्रह असा: क्रियापद सुटं पाठ करू नका. प्रत्येक कार्डावर क्रियापद आणि प्रत्यय लावलेलं एक नाम एकत्र लिहा, ‘बुस्सिइन विसरणं’, ‘लेहदेस्तॅ वाचणं’ असं. पंधरा-वीस कार्डांत रोजच्या बोलण्यातली अशी बहुतेक क्रियापदं येतात. फिनलंडच्या नागरिकत्वासाठी युकी या भाषापरीक्षेची ३ ही पातळी गाठायची असेल, तर लेखनाच्या भागाआधी ही कार्डं हाताखालून जाऊ द्या.

हे आधी सांगायला हवं होतं: आत जाण्याच्या रूपात मधलं व्यंजन मऊ पडत नाही. हेल्सिङ्ङिस्सॅ, पण हेल्सिन्किइन. काउपास्सा, पण काउप्पाआन. तुरुस्सा, पण तुर्कुउन. कारण एके काळी इथे दोन स्वरांच्या मध्ये ह होता. व्यंजन मऊ पडतं ते बंद, म्हणजे व्यंजनाने संपणाऱ्या, अक्षराच्या सुरुवातीला, आणि ह असताना हे अक्षर उघडं होतं. एका अक्षराच्या शब्दांत तो ह अजून टिकून आहे: माआ (जमीन), माआहान. ‘ए’ने संपणाऱ्या बहुतेक शब्दांना -सेएन: हुओने (खोली), हुओनेएसेएन.

शरीराच्या बाबतीत मराठी अगदी नेमकी मदत करते. बोटात अंगठी, सोर्मेस्सा. पायात बूट, यालास्सा. दोन्ही आतले! झाड तेवढं जपा. फांदीवरचं सफरचंद फिनिशमध्ये झाडात असतं, पुउस्सा.

गावांच्या नावांना नियम शोधू नका. ओउलुस्सा, पण ताम्पेरेएल्ला आणि वान्ताआल्ला. भारतात, इन्तिआस्सा, रशियात मात्र वेनॅयॅल्लॅ. नातलग असलेल्या हंगेरियनमध्येही तेच, बुदापेश्तेन (वर) पण देब्रेत्सेनबेन (आत). नाव आणि प्रत्यय जोडीनेच शिकायचे.

हे सगळं पचल्यावर कॉकेशसच्या भाषा मला उलट सोप्या वाटल्या, निदान तक्त्यापुरत्या. दक्षिण दागेस्तानात आणि उत्तर अझरबैजानात बोलल्या जाणाऱ्या लेझगी भाषेत १४ स्थळविभक्त्या मोजतात, पण प्रत्ययात दोन घरं स्पष्ट दिसतात: आधी जागा, मग दिशा. सेव म्हणजे अस्वल; सेव्रेल अस्वलावर, सेव्रेलाय अस्वलावरून, सेव्रेल्दि अस्वलावर जाताना. आपलं वर-वरून, खाली-खालून, जवळ-जवळून याच बांधणीचं आहे. मधला रे हे आपलं सामान्यरूप समजा, घोडा-घोड्यावरमधल्या घोड्यासारखं. त्सेझ भाषेत ७ जागा, ४ दिशा आणि जवळ-लांब असा भेद, गुणाकार ५६. लक्षात ठेवायचे तुकडे मात्र डझनभर. असे जोडप्रत्यय वेगवेगळ्या विभक्त्या म्हणून मोजावेत का यावर अभ्यासकांत वाद आहे. मला विचाराल तर शिकणाऱ्याने मोजूच नयेत, घरं ओळखावीत.

‘घर’ या शब्दाचं राहिलं. ‘घरी’ म्हणजे कोतोना, -स्सा नाही. घरून म्हणजे कोतोआ. हा ना जुना स्थळप्रत्यय, आता मोजक्या शब्दांत उरलेला. कोदिस्सा हेही रूप आहे, पण ते ‘घरात’. आपल्या ‘घरी’तला ई असाच जुना, आणि घरी-घरात हा फरक आपल्याला न शिकवता कळतो, कोतोना-कोदिस्साला तोच लावा.