हैयान प्रतिकृती : ताक्लोबानचे पाणी आधी ओसरले, मग चढले

मागच्या नोंदीपर्यंत जे गणितात कोठेच उमटत नव्हते, ते अखेर दिसले. ८ नोव्हेंबर २०१३ च्या सकाळी हैयान चक्रीवादळात फिलिपिन्समधील ताक्लोबान शहराच्या किनाऱ्यावरचे पाणी आधी मागे हटले आणि मग वेगाने शहरात शिरले. त्या वादळाच्या माझ्या संगणकीय प्रतिकृतीतही आता क्रम तोच येतो.

उपग्रह प्रतिमांतील ढगांच्या रचनेवरून वादळाची तीव्रता ठरवणाऱ्या ड्वोरॅक पद्धतीचे काम संपले आहे. जुन्या अवरक्त प्रतिमांवरून हाताने काढलेला क्रमांक ७ नोव्हेंबरला टी ८.० वर, म्हणजे मोजपट्टीच्या शेवटच्या पायरीवर पोहोचला, याचे मला फार समाधान आहे. मात्र पश्चिम पॅसिफिकमधील अमेरिकेची नियमित टेहळणी उड्डाणे १९८७ मध्येच थांबल्यामुळे वादळाच्या केंद्रातील हवेच्या दाबाचा ८९५ हेक्टोपास्कल हा जपानच्या हवामान संस्थेचा आकडा उपग्रहावरून केलेला अंदाज आहे; १९७९ च्या टिप वादळाचे ८७० हेक्टोपास्कल विमानातून मोजलेले होते. प्रतिकृतीत वारा भरताना जपानचे दहा मिनिटांच्या सरासरीचे ताशी २३० किलोमीटर आणि अमेरिकी वादळ-इशारा केंद्राचे एका मिनिटाचे ३१५ किलोमीटर एकाच रकान्यात कोणीही मिसळू नयेत.

ओहोटीचा हा क्रम हॉलंडच्या सूत्राने काढलेल्या सममित (केंद्राभोवती सगळीकडे सारख्या) वाऱ्यात वादळाचा पुढे सरकण्याचा वेग आणि वारा केंद्राकडे वळण्याचा कोन मिळवल्यावरच दिसला. केंद्र ताक्लोबानच्या दक्षिणेकडून, तोलोसा गावाजवळून गेले. त्यामुळे आधी उत्तरेकडील वाऱ्याने ताक्लोबानसमोरच्या सान पेद्रो उपसागरातले पाणी बाहेर लोटले आणि वारा पूर्वेवरून दक्षिणेकडे फिरताच तेच पाणी उपसागराच्या निमुळत्या टोकाकडे, म्हणजे ताक्लोबानकडे, कोंबले गेले.

उंची मात्र अजून हट्टाने कमी येते. प्रत्यक्षात पाणी पाच-सहा मीटरपर्यंत चढले होते. माझे त्याच्या निम्म्याच्या थोडे वर जाऊन थांबते. माझा संशय समुद्रतळाच्या खोलीवर आहे, कारण पाणी जितके उथळ, तितका तोच वारा ते अधिक उंच चढवतो, आणि मोफत मिळणाऱ्या जागतिक ग्रिड (चौकटींत मांडलेले खोलीचे आकडे) खुल्या समुद्रात उत्तम असल्या तरी अशा अरुंद उपसागरात फारच भरड ठरतात. नौकानयन नकाशावरील खोलीचे आकडे हाताने भरून नवी ग्रिड बांधण्याचा विचार होता. तथापि हे लिहितानाच एक सोपी चाचणी सुचली : ऐन उधाणात वारा अचानक बंद करून उपसागर स्वतःच्या लयीत किती वेळाने हेलकावतो ते पाहावे. हा काळ खोलीवर अवलंबून असल्याने ग्रिड कितपत खोटी आहे ते त्यातून कळेल, आणि वाऱ्याची फिरण्याची गती त्या लयीशी जुळून पाणी आणखी वाढले का, हेही तपासता येईल. त्यामुळे ग्रिड नंतर, चाचणी आधी.

ही उंची मी सोडून देणार नाही. अधिकृत नोंदीनुसार फिलिपिन्समध्ये किमान ६,३०० माणसे गेली, त्यांतील फार मोठा वाटा या पाण्याचा होता, आणि निवाऱ्यासाठी निवडलेल्या काही इमारतींतही ते शिरले होते.

सामार बेटावरच्या हेर्नानी गावाचे काम तूर्त बाजूला ठेवत आहे. तिथे प्रवाळाच्या कड्यावरून आलेल्या लाटांच्या गटांनी घरे वाहून नेली, आणि लाटांची सरासरी घेणाऱ्या माझ्या समीकरणांत ते दिसणे शक्य नाही. त्यासाठी प्रत्येक लाट स्वतंत्रपणे सोडवणारी प्रतिकृती लागेल.