केबिनचा नळ

घोडबंदर रोडवरच्या एका चार विंगच्या सोसायटीत मी मॅनेजर आहे. एम.ए. राज्यशास्त्रात केलं, न्यायाचा सिद्धांत मांडणाऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली आणि आता पोटापाण्यासाठी खरोखरच पाणी मोजतो.

मे महिना होता. रोजचे टँकर येऊनही डी विंगच्या वरच्या मजल्यांना पाणी चढत नव्हतं. विशेष सभा बोलावली, विषय एकच : टँकरचे पैसे कुणी किती द्यायचे?

आमच्या बायलॉजमध्ये एक गंमत आहे. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा. तळमजल्यावरचा कधी लिफ्टमध्ये पाय ठेवत नसला तरी. पाणीपट्टी मात्र घरातल्या नळांची संख्या आणि आकार बघून. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या हिशेबाने. एकाच पुस्तकात न्यायाच्या तीन तऱ्हा! टँकर यातल्या कशात बसवायचा, यावर दीड तास आरडाओरडा झाला. दोनच माणसं असलेले म्हणत होते, माणशी लावा. सात जणांचं कुटुंब म्हणत होतं, फ्लॅटमागे सारखे. ज्याने त्याने स्वतःचं बिल आधी मनात करून ठेवलं होतं.

मला राहवलं नाही. उठून म्हटलं, "असं धरा, उद्या चिठ्ठ्या टाकून सगळे फ्लॅट नव्याने वाटणार आहोत. तुमच्या वाट्याला वन बीएचके येईल, किंवा अंथरुणाला खिळलेले आजोबा असलेलं सात जणांचं घर, किंवा डी विंगचा शेवटचा मजला. काय येईल ते माहीत नसताना नियम सांगा." जॉन रॉल्सचा १९७१ मधला अज्ञानाचा पडदा मी टँकरवर टाकला होता.

सातव्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका शांतपणे म्हणाले, "मॅनेजर, माझा फ्लॅट कुठला ते मला पक्कं माहीत आहे. वीस वर्षं हप्ते भरलेत." सभा हसली. मीही हसलो. जे रीतसर मिळवलं ते इतरांच्या सोयीसाठी पुन्हा का वाटायचं, हाच तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकचा रॉल्सवरचा १९७४ मधला आक्षेप. काकांनी तो एका वाक्यात उरकला.

पण डी विंगमधल्या आजींना चिठ्ठ्यांची कल्पना पटली. "आजारी माणूस आपल्याही वाट्याला येऊ शकतो की," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आले. ठरलं : पैसे नळांप्रमाणे, पण आजारी माणूस असलेल्या घराला सवलत, डी विंगचा पंप आधी सुरू करायचा, गाड्या धुणं बंद, कॉमन नळ बंद. ठराव एकमताने मंजूर. काका सुद्धा हात वर करून होते. मी खुशीत होतो, इतका की घरी फोन करून सांगितलं.

रात्री साडेदहाला गेटवर वॉचमनने थांबवलं. त्याची बारा तासांची ड्यूटी तेव्हा अर्ध्यावर आलेली. "साहेब, केबिनमागचा नळ कॉमनमध्येच धरलाय का?"

धरलाच होता. केबिनमागे त्यांची मोरी, संडास, सगळं त्या एका नळावर. माझ्या चिठ्ठ्यांत आजोबा होते, वरचा मजला होता; वॉचमनची केबिन नव्हती. पडद्यामागे बसायला मी फक्त सभासद बोलावले होते. नियम ठरवणारे आणि नियम भोगणारे एकच धरले, की ठरवण्यात जागा नसलेल्यांचं काय, हा अमर्त्य सेन यांचा रॉल्सवरचा एक मोठा आक्षेप. त्यांचं ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ मी २०१० मध्ये वाचलं होतं. पेन्सिलच्या खुणांसकट.

पुन्हा विशेष सभा बोलवायची तर पाच दिवसांची नोटीस. ऑफिस उघडलं. मिनिट्स अजून कच्चे होते. ‘कॉमन नळ बंद’च्या पुढे लिहिलं : ‘केबिनमागील नळ वगळून’. सभेत असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि एकमताच्या ठरावात मॅनेजरने भर घालणं हा सरळ गैरप्रकार आहे; दुसऱ्या कुणी केला असता तर मी तक्रार केली असती.

सकाळी सेक्रेटरींनी सही केली. वाचून केली की न वाचता, ते मी विचारलं नाही.