टिप्परच्या पाट्यांपासून पिकअपच्या उंचीपर्यंत : आमची वाटचाल

आमचं गॅरेज गोव्यात, उसगावच्या तिस्काजवळ आहे. बोर्डावर अजून ‘पाटे व बुश’ एवढंच लिहिलेलं आहे. पाटे म्हणजे चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या, बुश म्हणजे त्यांच्या टोकांच्या सांध्यांत बसणारी नळी. मुलगा म्हणतो, त्यात ‘लिफ्ट किट’, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, घाला, लोक फोनवर तेच शोधतात. घालू म्हणतो आणि राहून जातं. बोर्ड वडिलांनी स्वतः रंगवलेला आहे आणि त्यांच्या अक्षराशेजारी दुसऱ्याचं अक्षर शोभणार नाही.

वडील खाणीच्या टिप्परचे पाटे करायचे. तुटलेला मेन पाटा उतरवायचा, नवा कापायचा, सेंटर बोल्टचं भोक पाडायचं आणि ऐरणीवर घणाने थंडाच ठोकून त्याला कमान द्यायची. मापाला एक सुतळी. ती दोन टोकांना ताणायची आणि मधला खोलवा बोटांनी मोजायचा. दोन बाजूंच्या पाट्यांत अर्ध्या बोटाचा फरक पडला तरी काम परत. ती सुतळी मी जपून ठेवली आहे. आता डिजिटल कोनमापक आहे, टॉर्क पाना आहे, वीस टनांचा प्रेस आहे, पण पाटा बसलाय की नाही हे मी अजून सुतळीनेच बघतो.

प्रेस घेतला मे २०१२ मध्ये, कर्ज काढून. सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. पुढचं ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. डिचोली-साखळीपासून धारबांदोड्यापर्यंत टिप्पर शेतांत रांगेने उभे, आणि एका पावसात त्यांच्या केबिनवर वेली चढल्या. ट्रकमालकांचं निदान नाव तरी निघालं. पाटेवाला, टायरवाला, चहाचा गाडा लावणारा, हे कुठल्याच यादीत नव्हते. माझ्याकडे नवीन पाट्यांचा रॅक भरलेला होता, त्याला गंज चढू नये म्हणून मी दर आठवड्याला जळकं तेल पुसत बसायचो. तीन मुलं कामाला होती. दोघांना ‘दुसरीकडे बघा’ म्हणालो, तिसरा गेलाच नाही. तो आज आमचा फोरमन आहे.

त्या दिवसांत सत्तरी तालुक्यातले एक बागायतदार काका आले. वाळपईच्या पुढे त्यांचं कुळागर. गाडी जुनी गेटअवे, महिंद्राची पिकअप, फोर बाय फोर, पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, मागे पाटे. नारळ-सुपारी भरली की मागून बसायची आणि ओहोळाच्या उताराला एका चिऱ्याच्या दगडावर खालून आपटायची. काका म्हणाले, ‘पाटेवाल्याचा मुलगा ना तू? मग उचल ही.’

उचलली. मागे एक जादा पाटा घातला, पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट नवे लांब लावले, पुढे टॉर्शन बारचे बोल्ट फिरवून तेवढीच उंची दिली. एकूण दोन इंच. गाडी रुबाबदार दिसायला लागली. काका खूश, मीही खूश. आठ दिवसांनी परत. गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली, खाली उतरून टॉर्च मारला. मागच्या डिफरन्शियलच्या हाउसिंगवर, म्हणजे एक्सलच्या मधल्या फुगीर गोळ्यावर, नवी कोरी खरवड, आणि तळाच्या बोल्टपाशी तेलाचा थेंब धरलेला. पहिल्या खरवडीच्या बरोबर वर.

माझी चूक तिथे डोक्यात शिरली. पाटे उचलतात ते चासीला, म्हणजे वरच्या सांगाड्याला. हाउसिंग एक्सलबरोबर चाकांना बांधलेलं असतं, ते जिथल्या तिथेच राहतं. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा हवा, आणि टायर जेवढा उंच होतो त्याच्या निम्मंच हाउसिंगला मिळतं. काकांच्या गाडीला २४५/७५ आर १६ होते, म्हणजे ७७४ मिलिमीटर व्यास. २६५/७५ घातले की ८०४. मधले ३० मिलिमीटर, त्यातले १५ कामाचे. बोटभर! एवढ्यासाठी माणूस पाच टायर बदलतो. पाच म्हणतो, कारण स्टेपनी जुन्या मापाची ठेवलीत आणि ती मागे चढवून फोर बाय फोर टाकलंत, की दोन एक्सल एकमेकांशी भांडतात.

मग लिफ्ट कशाला? तर तो मोठा टायर भरल्या गाडीत, स्टिअरिंग पूर्ण वळवून, मडगार्डला घासू नये म्हणून. आणि चासीचं पोट चाकोरीतल्या उंचवट्यावर टेकू नये म्हणून. काकांना टायर दिले, मजुरी घेतली नाही. राहिलेलं काम मी आणि त्यांच्या गड्याने पहारीने केलं. दगडच उपटला. काका कधी चिडले नाहीत, उलट पुढच्या वर्षभरात सत्तरीतल्या नऊ गाड्या त्यांनी पाठवल्या. त्या गाड्यांवर माझा प्रेस सुटला.

टॉर्शन बारचंही तेव्हाच कळलं. बोल्ट फिरवून पुढची उंची फुकट मिळते म्हणून सगळे भुलतात. पण बार फिरवला तरी सस्पेन्शनची एकूण चाल वाढत नाही. गाडी वर बसते, चाकाला खाली लटकायला जागा उरत नाही, बॉल जॉइंट आणि पुढच्या शाफ्टचे बूट, म्हणजे सांध्यांवरची रबरी टोपणं, कायम वाकड्या कोनात राहतात. काकांचा डावा बूट दुसऱ्या पावसाळ्यात फाटला. आम्ही आता पुढे दीड इंचाच्या वर जात नाही.

आता भागीदाराबद्दल. लिहू नको म्हणून घरचे सांगतात, पण वाटचाल म्हटल्यावर त्याला टाळून कसं चालेल. वेल्डिंगचा हात असा की शिवण बघत राहावी. काम वाढलं तसा मी त्याला सोबत घेतलं. त्याचं डोकं दिसण्यात. किनाऱ्याकडची पोरं यायची, त्यांना चार इंच हवे, २८५/७५ हवेत, रविवारी मित्रांत मिरवायला. मी नाही म्हणायचो. तो म्हणायचा, ‘गिऱ्हाईक पैसे देतंय, तू का अडतोस?’ शेवटी हायवेला त्याने स्वतःचं दुकान थाटलं. दोन पोरं गेली, निम्मी गिऱ्हाइकं गेली आणि माझा दोन टनांचा चेन ब्लॉक ‘आठ दिवसांसाठी’ गेला.

त्याची पद्धत सोपी होती. मागे एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे, एकावर एक दोन, आणि तेच जुने यू बोल्ट जोडून लांब केलेले. स्वस्त पडायचं, संध्याकाळपर्यंत गाडी हातात. माझ्याकडे दोन दिवस लागायचे. मग एका पावसात त्याने केलेली एक पिकअप माल भरून अनमोड घाट उतरत होती. यू बोल्ट सैल पडले, वरचा ठोकळा सरकला आणि मागचा एक्सल तिरका झाला. चालक शहाणा, डोंगराच्या बाजूला घेतली. कोणाला खरचटलंही नाही. पण त्या गाडीच्या काचेवर स्टिकर होता आमचा, कारण त्याआधीचं बुशचं काम आम्ही केलं होतं. सहा महिने लोक मला विचारायचे, ‘ती घाटातली तुमचीच ना?’ प्रत्येकाला खड्ड्यापाशी नेऊन ठोकळा म्हणजे काय, पाटा म्हणजे काय हे दाखवायचो. निम्मे ऐकून घ्यायचे, निम्मे मान हलवून हायवेला जायचे. खाणबंदीत हलली नव्हती तेवढी माझी झोप तेव्हा हलली. भागीदाराने एकदाही कोणाला सांगितलं नाही की ते काम त्याचं होतं.

त्यानंतरची वर्षं ठीक गेली, त्यात सांगण्यासारखं नाही.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. मला वाटलं, संपलं. खरं तर बरंच झालं. दाखवायच्या गाड्या आपोआप कमी झाल्या आणि बसलेले पाटे मूळ उंचीला आणून घ्यायला लोक येऊ लागले. दहा-बारा वर्षांच्या पिकअपला ‘लिफ्ट’ म्हणून जे हवं असतं ते बहुतेक वेळा हेच असतं. गाडी उंच करायची नसते, खाली गेलेली परत वर आणायची असते. त्यापलीकडे काही करायचं असेल तर आरटीओत आणि विमावाल्याकडे आधी विचारून या, मग आमच्याकडे या.

विचारलं नाही तरी आणखी थोडं सांगतो. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी, घालून उंची घेणार असाल तर शॅकल दोन इंच लांब केला की गाडी एकच इंच उठते. यू बोल्ट एकदा उघडले की नवेच घाला आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पाना लावून घ्या. हे फुकट करून देतो, तरी दहांतले चारच येतात. मागून उचलल्यावर साठच्या वेगाला खालून घुर्रघुर्र आलं तर इंजिनाला दोष देऊ नका, मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडलेला असतो, पाट्याखाली पाचर घालावी लागते. ब्रेकचे होज, म्हणजे रबरी नळ्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक लटकतं सोडून बघा, ताण दिसला तर लांब घाला. आणि ज्या गाड्यांना मागच्या ब्रेकचा वजनावर चालणारा व्हॉल्व्ह असतो त्यांचा रॉड नव्याने लावून घ्या. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक मऊ पडतो. घाटात हे कळून उपयोग नाही.

स्पीडोमीटरचं पण. २६५ वर काटा ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ८३ ला असता, २८५ वर ८६ ला. आणि क्लच दोन्हींत लवकर जातो, चढ चढताना तर जातोच.

काका आता स्वतः गाडी चालवत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा तीच गेटअवे घेऊन आला, म्हणाला, तेहतीस इंची टायर बसवू या. गाडी खड्ड्यावर घेतली, हातोड्याने चासी ठोकून बघितली. मागच्या शॅकलच्या ब्रॅकेटपाशी आवाज बसका आला. आत गंज. तेव्हा आधी ब्रॅकेट, मग बुश, मग बोलू. मुलगा जरा रुसला. संध्याकाळी काकांचा फोन आला, ‘तो म्हणतो ते करू नकोस, तुला हवं ते कर.’

कोणाला यायचं असेल तर गाडी रिकामी आणू नका. रोज जेवढा माल भरता तेवढा भरून आणा, उंची त्याच्यावर मोजतो. रविवारी बंद. चतुर्थीच्या आठवड्यात फोनसुद्धा लागणार नाही.